दारफळणीच्या दिवशी चाचणी

कॅलेंडरात ज्या तारखेचा आकडा लाल नाही त्या दिवशी कुणाचा सणच नसतो, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. मी डोंबिवलीचा. कनिष्ठ महाविद्यालयात माझ्याबरोबर ठाण्याचा एक बेने इस्राएल मित्र होता. २०२३ साली २५ सप्टेंबरला, सोमवारी चाचणी लागली आणि नेमका त्याच दिवशी योम किप्पूर. 'एकाच विद्यार्थ्याचा तर प्रश्न आहे,' असे उत्तर त्याला मिळाले. आम्ही वर्गबंधूही गप्पच राहिलो.

योम किप्पूर हे नाव कानाला परके वाटते खरे. पण कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला म्हटले 'दारफळणीचा सण'. दारे लावून घ्यायची, पांढरी वस्त्रे नेसायची, आदल्या सूर्यास्तापासून सुमारे २५ तास अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि वर्षभराच्या पापांची देवाजवळ क्षमा मागायची. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दानधर्म, आप्तेष्टांच्या भेटी. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही नावे ऐकून कोण म्हणेल ही मंडळी परकी? बिरड्याचा सण म्हणजे यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याचा शोकदिन, आणि त्या दिवशी ताटात वालाचे बिरडे! १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादातल्या चित्रात तर बायका लुगडी नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात.

माझी आजी अलिबागकडची. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. 'शनवार तेली' हा शब्द मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकला. शनिवारी घाणा बंद ठेवतात ते शनवार तेली. गावाने त्यांना ओळखले ते न केलेल्या कामावरून! तेल हवे तर शुक्रवारी आणावे, एवढा हिशेब निरक्षर गावाला जमत होता. त्यासाठी कुणी परिपत्रक काढले नव्हते. आमच्या घराण्यातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकलेल्यांना हा हिशेब अवघड का जावा, हे मला उमगत नाही.

संख्येचा मुद्दा हटकून निघतो. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले (आणि तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले). उरलेल्यांची मोठी वस्ती ठाण्यात आहे. तिथले त्यांचे सिनेगॉग १८७९ सालचे. राज्य सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तो ते थोडे आहेत म्हणूनच ना? मग थोडे आहेत म्हणून चाचणी हलवता येत नाही, हे कुठले तर्कशास्त्र?

सुट्टी कुणी मागत नाही. प्राध्यापकमंडळींनी वेळापत्रक लावण्यापूर्वी एकवार त्यांचे पंचांग पाहावे, इतकेच. २०२४ आणि २०२५ साली हा दिवस योगायोगाने दसऱ्यालाच आला, त्यामुळे प्रश्न उद्भवला नाही. २०२६ साली मात्र तो २१ सप्टेंबरला, सोमवारी येतो. २२ ला शिळा सण. २३ चा बुधवार चाचणीस मोकळा आहे.