न मिळालेल्या पुस्तकांची वही

तपासणीला साहेब येणार म्हटलं की ग्रंथालयात आधी कपाटं पुसली जातात, मग दाखल नोंदवही बाहेर येते. ग्रंथ किती, सभासद किती, नियतकालिकं किती, दार रोज किती तास उघडं? 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर आलेल्या 1970 च्या अनुदान नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले ते अशाच मोजदादीवर. वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रंथालयांचं वर्षाचं गणित आजही या वर्गावरच बसतं. 2012 साली महसूल यंत्रणेनं राज्यभर पडताळणी केली, तेव्हा अनेक ग्रंथालयं कागदावरच नांदत असल्याचं उघड झालं. त्या कागदांवरचे आकडे मात्र व्यवस्थित होते.

आकडा उलटाही फसवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत दिवसभर बसतात. देवघेव वहीत त्यांचा पत्ताच नसतो. वही पाहणाऱ्याला वाटावं, इथं कुणी फिरकत नाही! तासातासाला बसलेली डोकी मोजली तर खरं कळेल, आणि त्यासाठी एक कागद अन् एक पेन पुरे.

विद्यापीठांतल्या ग्रंथालयशास्त्राच्या प्रबंधांची तऱ्हा वेगळी. त्यात प्रश्नावली असते, ‘समाधानी’, ‘अत्यंत समाधानी’ असे रकाने असतात आणि ती भरतो कोण, तर त्या वेळी ग्रंथालयात बसलेला माणूस. खानावळीत जेवत बसलेल्यांना विचारून गावात उपाशी किती, हे कसं ठरणार?

ग्रंथालयसेवेचं मोजमाप अभ्यासणाऱ्या रिचर्ड ऑर यांनी 1973 मध्येच दोन प्रश्न वेगळे करून दाखवले होते: ग्रंथालय किती चांगलं आहे, आणि त्यानं लोकांचं किती भलं होतं. आपली तपासणी पहिल्याच्याही उंबरठ्यावर थांबते. पुढे याच विषयाचे अभ्यासक पॉल कँटर यांनी साधी वाट दाखवली. पुस्तक मागायला आलेला वाचक रिकाम्या हातानं का गेला, ते शोधायचं. पुस्तक घेतलंच नव्हतं? घेतलं होतं, पण दुसऱ्याकडे होतं? आत होतं, पण भलत्याच कपाटात? की जागेवर असूनही त्याला सापडलं नाही? पहिल्याचं औषध ग्रंथनिवड, दुसऱ्याचं जादा प्रती, तिसऱ्याचं कर्मचाऱ्याची शिस्त, चौथ्याचं कपाटावरच्या पाट्या. ‘सेवा असमाधानकारक’ या शेऱ्यानं यातलं एकही औषध सुचत नाही. तेव्हा देवघेव वहीच्या शेजारी न मिळालेल्या पुस्तकांची एक वही ठेवावी. तारीख, पुस्तक, कारण. वर्षाअखेरीस खरेदीची यादी तिच्यातूनच निघेल. विक्रेत्यानं पुढे केलेल्या गठ्ठ्यापेक्षा ती बरी.

आणि जो येतच नाही, त्याचं काय? त्याला गाठायला आठवडी बाजारात जावं लागेल. वर्ध्याला हे शिकवायला बाहेरचा माणूस कशाला हवा! इथल्याच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम उभं करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी त्याआधी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गुजरातेतल्या मातर तालुक्याची पाहणी केली होती. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा पाया गावात जाऊन केलेल्या विचारपूस-मोजणीचा होता. इथल्या महाविद्यालयीन मुलांनी एखादा तालुका, समुद्रपूर म्हणा की आष्टी, तसाच पिंजून काढायला हरकत नाही. बायका, शेतमजूर, शाळा सुटलेली पोरं ग्रंथालयाची पायरी का चढत नाहीत, हे कुठल्याही नोंदवहीत नाही.

एक धोका आहे. जे ग्रंथालय आपली अपयशं इमानदारीनं लिहील, ते न लिहिणाऱ्यापेक्षा वाईट दिसेल. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं या वहीचा अनुदानाशी काडीचाही संबंध ठेवू नये. नाहीतर तपासणीच्या दिवशी तीही कोरी करकरीत सापडेल.