यजमान शेतकऱ्याच्या सहीची किंमत काय?



पावसाळा लागला की कपाशीच्या मुलखात कृषी महाविद्यालयाची पोरं-पोरी उतरतात. वर्तमानपत्रे त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ग्रामपंचायतीपुढे फलक लागतो, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते (पेरणी उरकून पंधरवडा झालेल्या गावातसुद्धा!), फोटो निघतो, यजमान शेतकऱ्याची सही होते आणि पोरं निघून जातात. शेतकऱ्याने काय शिकवले, हे कोणी विचारत नाही. शिकवले की नाही, हेही विचारत नाही.

यात पोरांचा दोष नाही. आम्हीही कृषी पदवीधर आहोत. प्रयोगशाळेत मातीचा सामू काढता येतो आणि डवऱ्याची खोली किती ठेवायची ते समजत नाही, अशा पदव्या आम्ही जवळून पाहिल्या आहेत. ते व्यंग दूर व्हावे म्हणूनच रंधावा समितीच्या शिफारशीवरून ग्रामीण कृषी कार्यानुभव सुरू झाला. विचार सोन्यासारखा होता. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात त्याला शेवटच्या वर्षातले २० आठवडे दिले आहेत. त्यांतले ८ गावात, ५ कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या कामात, २ रोग-किडींच्या निदानाला, ३ कृषी उद्योगात, उरलेले सुरुवातीची माहिती आणि अहवाल यांसाठी.

म्हणजे सर्वांत मोठा वाटा आपल्या बांधावरचा. आणि गुण देणारा मात्र महाविद्यालयात बसलेला.

आता कारखानदाराकडे पाहा. २०२४ साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना काढली. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या निवडल्या. उमेदवाराला महिन्याला ५,००० रुपये, त्यांतले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. काम काय द्यायचे ते कंपनीने ठरवायचे, प्रमाणपत्र कंपनीने द्यायचे. आम्हाला त्या कंपन्यांचा हेवा नाही. पण कंपनीत शिकायला गेलेल्या पोराचा मालक कोण हे सरकारला नीट कळते, आणि वावरात शिकायला आलेल्या पोराचा मास्तर कोण हे कळत नाही, ते का? शेतकरी म्हणजे फोटोत मागे उभा राहणारा माणूस, ही समजूत त्यामागे आहे.

गावातले ८ आठवडे कधी येतात तेही पाहा. सत्र पावसाळ्यात सुरू होते. पोरगं पऱ्हाटी गुडघ्याएवढी असताना येते आणि पाती-फुले धरेपर्यंत परत जाते. गुलाबी बोंडअळीचा खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी निघाली, की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. पण बोंडे फोडण्याच्या वेळी ते वावरात नसते. वेचणीला नसते. कापूस गाडीत भरून नेल्यावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून कापूस महामंडळाच्या केंद्रावरून गाडी परत फिरते आणि तोच माल व्यापारी कट्टी लावून घेतो, तेव्हाही नसते. ज्वारीचे तर विचारूच नका. रब्बीची ज्वारी पेरली जाते तोवर बहुतेक गावांतला मुक्काम आटोपलेला असतो.

मग उद्योगातले ३ आठवडे. पोरगं बियाण्याच्या किंवा औषधाच्या कंपनीत गेले तर तिथे त्याला काय शिकवतील? माल खपवायला. पुढच्या हंगामात तेच पोरगं आपल्याला बाटली विकायला येते.

यावर आपण हात जोडून बसायचे कारण नाही. पोरगं आपल्या घरी, आपल्या वावरात येणार आहे, तर अटी आपण घालाव्यात. मृगाच्या आधीच ग्रामसभेने महाविद्यालयाला लेखी कळवावे की आमच्या गावात मुले घेऊ, पण एकदम आठ आठवड्यांऐवजी चार डवरणी-फवारणीच्या काळात आणि चार वेचणी-विक्रीच्या काळात. परीक्षेचे वेळापत्रक आड येते, असे उत्तर येईल. पिकाचे वेळापत्रक बदलता येत नाही, परीक्षेचे येते.

प्रत्येक पोराला यजमानाच्या एका एकराची वही द्यावी. बियाणे, खत, औषध, बैलजोडीचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी, आणि घरच्या बाईचे निंदण-वेचणीचे दिवससुद्धा गावच्या मजुरीच्या दराने, रोजच्या रोज. सरकारी हमीभावासाठी उत्पादन खर्चाचे आकडे कृषी विद्यापीठांमार्फतच गोळा होतात. तेव्हा हा हिशेब शिकणे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये. वहीची एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी.

निम्मे गुण यजमानाने द्यावेत. कोरी सही कोणीही देऊ नये.

ज्या तालुक्यात आपली शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी जिनिंग आहे, तिने उद्योगाच्या ३ आठवड्यांसाठी आपणहून मुले मागावीत. ओलावा मोजणे, वजनकाटा तपासणे, क्विंटलभर कापसातून ३३ किलो रुई निघाली की ३५, आणि त्या दोन किलोंचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हे त्यांना तिथे पाहू द्यावे.

आपल्या माणसांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आलेले पोरगं फुकटचा गडी नाही. शिकण्यापुरते त्याने डवरा धरावा, दिवसभर निंदायला बसवायचे तर मजुरी द्यावी. मुलींची राहण्याची आणि संडासाची सोय नसेल तर मुली मागू नयेत, आधी सोय करावी. आणि फवारणीच्या वेळी हातमोजे, तोंडाला मास्क नसेल तर पंपाला कोणालाच हात लावू देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते विसरता येणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने गावांची नावे, मुले ठेवू शकणाऱ्या घरांची यादी आणि मागच्या वर्षी ज्यांनी सह्या दिल्या त्यांचा अनुभव लिहून आणावा. ती यादी घेऊन आपण महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटू.