बागेंतील भेट

शहरांत राहणाऱ्या मनुष्याच्या ओळखी पुष्कळ असतात. परंतु त्या बहुधा एकाच वर्तुळांतील असतात. शाळेंत आपल्या वयाचीं मुलें भेटतात, कचेरींत आपल्या धंद्याचीं माणसें भेटतात, आणि लग्नकार्यांत आपले आप्तेष्ट भेटतात. जीं माणसें आपणांहून सर्वस्वीं निराळीं, त्यांची गांठ पडण्याचीं ठिकाणें मोजकींच आहेत : सार्वजनिक बाग, चौपाटी, वाचनालय, आगगाडीचा डबा. तेथें कोणीं कोणास बोलावलेलें नसतें. म्हणूनच तेथील भेटींना एक निराळी गोडी असते. ही गोडी केवळ करमणुकीची नसून तींत मनुष्याच्या उत्कर्षाचें बीज असूं शकतें, असें आमचें मत आहे.

प्रथम एक लहानशी गोष्ट सांगतों. एके दिवशीं सायंकाळीं आम्ही गिरगांवच्या चौपाटीवर बसलों असतां शेजारीं एक वृद्ध कोळी येऊन बसले. ‘बाबा, पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे?’ असें आम्हीं सहज विचारलें. समुद्राकडे न पाहतांच त्यांनीं उलट प्रश्न केला, ‘आज तिथ कंची?’ अष्टमी होती. ‘मग आठाची पाऊणपट करा,’ ते म्हणाले. आठाची पाऊणपट सहा. अर्थात् सहाच्या सुमारास भरती पूर्ण व्हावयाची. आणि खरोखरच पाणी चढत होतें! भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं मागें पडते, हें आम्ही पुस्तकांत वाचलें होतें व वर्गांत शिकविलेंही होतें; परंतु तें सारें ज्ञान एका पाऊणकीच्या पाढ्यांत मावतें, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथमच कळलें. ज्यांनीं तें शिकविलें त्यांचें नांवही आम्हांस ठाऊक नाहीं.

अशा भेटीचें फळ याहून किती मोठें होऊं शकतें, याचें उदाहरण मुंबईच्याच इतिहासांत आहे. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं परळच्या चाळींत एका खोलींत राहणारा एक मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत असे. घरांत अभ्यासास पुरेशी जागा नव्हती. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेंत पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेंत विल्सन हायस्कूल या मिशनरी शाळेंतील शिक्षक व चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही येत. वाचनांत गढलेला हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला व त्यांनीं त्याची विचारपूस केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

१९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या अभिनंदनाची सभा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं भरली, आणि तींत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांस भेट दिलें. पुढें पैशाअभावीं शिक्षण अडूं लागलें, तेव्हां केळुसकरांनीं श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांजकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. १९१२ मध्यें भीमराव बी. ए. झाले, १९१३ मध्यें अमेरिकेंत कोलंबिया विश्वविद्यालयांत दाखल झाले, आणि ज्या बुद्धाचें चरित्र त्यांस विद्यार्थिदशेंत मिळालें होतें, त्याच्या धम्माची दीक्षा त्यांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें घेतली. हें सर्व त्या बागेमुळेंच झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. बुद्धि व श्रम हीं त्यांचीं स्वतःचींच होतीं. परंतु एका शाळेचा विद्यार्थी व दुसऱ्या शाळेचा शिक्षक यांची गांठ पडण्यास त्या बागेवांचून दुसरें कोणतें ठिकाण होतें?

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. बाग सर्वांस खुली होती, म्हणूनच ही भेट घडली. ज्या बोले यांनीं ती सभा चालविली, त्यांनींच १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ठराव संमत करून घेतला कीं, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस वापरूं द्यावे. तरीही २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी प्याल्याबद्दल डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांस मार सोसावा लागला. जागेस ‘सार्वजनिक’ असें नांव दिल्यानें ती सार्वजनिक होत नाहीं. तेथें येणाऱ्या कोणासही परत जावें लागूं नये, तेव्हांच ती तशी होते.

कित्येक पालक म्हणतील कीं, अनोळखी माणसांशीं बोलण्यांत धोका आहे. ही भीति निराधार नाहीं. मुलांनीं वडीलधाऱ्यांच्या नजरेआड जाऊं नये, कोणाबरोबरही एकटें कोठें जाऊं नये, हें आम्ही वर्गांतही बजावून सांगतों. परंतु भीतीपोटीं मुलांस सर्वकाळ घर, शिकवणी व मोटार यांतच कोंडून ठेवलें, तर तीं केवळ आपल्यासारख्यांसच ओळखूं लागतात. उपाय बंदीचा नसून सोबतीचा आहे. आईबापांनीं स्वतः मुलांबरोबर बागेंत बसावें व चार माणसांशीं बोलावें. म्हणजे कोणाशीं कसें बोलावें, हें मुलें पाहून शिकतील.

दुसरें विघ्न आपण स्वतःच खिशांत घालून नेतों. आज बागेंतील बांकावर तीन माणसें बसलेलीं असतात आणि तिघांच्याही माना मोबाईलवर वांकलेल्या असतात. केळुसकरांच्या हातांतही वाचावयास पुस्तक असेल. परंतु त्यांनीं मान वर केली, एवढेंच पुरें झालें.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें आहे कीं, येत्या सुटींत वडीलमाणसांसह जवळच्या बागेंत वा वाचनालयांत जावें, मोबाईल घरीं ठेवावा, आणि समोर जो कोणी भेटेल त्याचें चित्त देऊन ऐकावें. पालकांस विनंति आहे ती याहून लहान, परंतु अधिक महत्त्वाची. अशा ठिकाणीं एखादें परक्याचें मूल एकटेंच वाचीत बसलेलें दिसलें, तर तें कोणाचें, कोठलें, याचा विचार न करतां, ‘बाळ, काय वाचतोस?’ एवढें अवश्य विचारावें.