गोळ्या आठ, जोड्या अठ्ठावीस

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. गणिताच्या पुस्तकाबरोबर गाईड घेतले जातेच. त्यात ‘परम्युटेशन-कॉम्बिनेशन’च्या धड्यावर चौकटीत दोन सूत्रे असतात आणि मुले ती घोकतात. गणित समोर आले की मात्र अडतात, कारण यातले कोणते सूत्र लावायचे हे चौकट सांगत नाही.

खरे तर प्रश्न एवढाच असतो : क्रम बदलला तर गोष्ट बदलते का? शंख, चक्र, गदा, पद्म विष्णूच्या चार हातांत किती प्रकारे देता येतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक. गुणाकार 24. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली नावेही चोवीसच, आणि मूर्तिशास्त्रात त्या चोवीस मूर्ती याच अदलाबदलीने ओळखतात. हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले, म्हणजे 1150 सालचे. तिथेच दहा हातांच्या शंकराला दहा वस्तू दिल्या आहेत. उत्तर 36,28,800! हात अडीचपट झाले आणि प्रकार दीड लाखपट. माणसाचा अंदाज इथे हमखास फसतो.

त्याच ग्रंथातले दुसरे उदाहरण थेट औषधाच्या खलबत्त्यातले आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांची मिश्रणे किती? इथे क्रमाला किंमत नाही. आधी आंबट टाका की खारट, मिश्रण तेच. एकेक रस घेतला तर 6, दोन-दोन घेतले तर 15, तीन-तीन 20, मग पुन्हा 15, 6 आणि 1. एकूण 63. आयुर्वेदाच्या संहितांतही हाच आकडा आहे. वैद्याला ही मोजणी लागत होती, म्हणून ती झाली.

आजही लागते, आणि घरोघरी लागते. सत्तरीच्या आजोबांच्या डब्यात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, ॲसिडिटी, गुडघेदुखी अशा मिळून आठ गोळ्या असणे आता नवलाचे नाही. गोळ्या आठ, पण त्यांच्या जोड्या 28. पहिलीच्या उरलेल्या सातांशी सात, दुसरीच्या सहा, असे मोजत गेले की बेरीज येते. यातल्या बहुतेक जोड्या निरुपद्रवी असतात. काही मात्र नसतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि गुडघा दुखला की ही गोळी दुकानातून सहज, कोणाला न विचारता आणली जाते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, शिवाय घरात शेजाऱ्यांनी सुचवलेले चूर्ण. प्रत्येक डॉक्टर आपण लिहिलेल्या दोन-तीन गोळ्या पाहतो. अठ्ठावीस जोड्या एकत्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत. म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या, असे मुळीच नाही. चूर्णासकट सगळी यादी एका कागदावर लिहून प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवायची.

मग शाळा-कॉलेजात हा धडा रंगीत चेंडू आणि गोल टेबलाभोवतीच्या पाहुण्यांवरच का अडकावा? सूत्र वाईट नाही, ते आधी येते हे वाईट. तीन-चार वस्तू घेऊन सगळे प्रकार हाताने लिहून काढायला लावले, तर क्रम कुठे मोजायचा आणि कुठे सोडायचा हे मुलांना आपोआप दिसते; सूत्र ही नंतरची सोय. परीक्षेच्या घाईत एवढा वेळ नसतो, अशी शिक्षकांची अडचण खरीच आहे. पण एक तास पुरेल. त्या तासाला घरच्या औषधांची यादी करून जोड्या मोजून आणायला सांगावे. डब्यात नववी गोळी आली की जोड्या एकने नव्हे, आठने वाढतात हे ज्या मुलीने एकदा मोजले, ती आजोबांसाठी वेदनाशामक आणायला गेल्यावर आधीची चिठ्ठी बरोबर नेईल.