कबुलीचा निवेदक कोण?

वरिष्ठाने आपली दुर्बलता हाताखालच्या माणसांपासून लपवू नये, असा उपदेश व्यवस्थापनविषयक लेखनात अलीकडे वारंवार आढळतो. अमेरिकेतील ब्रेने ब्राऊन यांच्या २०१० सालच्या व्याख्यानानंतर तो विशेष लोकप्रिय झाला. त्यातील ‘व्हल्नरेबिलिटी’ हा शब्द मराठीत आणताना मात्र आम्ही अडखळतो. ‘दुर्बलता’ म्हटले की शक्तीचा अभाव सूचित होतो, ‘हळवेपणा’ म्हटले की स्वभावविशेष आणि ‘अगतिकता’ म्हटले की निरुपाय. शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये, ‘जखम’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे घाव बसू शकेल अशा जागी उभे राहणे, हा त्याचा गाभा. हा अर्थ प्रमाण मानला, तर ज्या कबुलीने बोलणाऱ्याला काहीच इजा संभवत नाही, तिला हे नाव देता येणार नाही.

या संदर्भात एक परिचित कथा नव्याने वाचून पाहावीशी वाटते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाची धुरा अब्दुल कलाम यांच्याकडे होती. सतीश धवन हे इस्रोचे अध्यक्ष होते. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती आणि तज्ज्ञांचा सल्ला घेऊन ती बाजूला सारण्याचा निर्णय आपण घेतला, असे कलाम पुढे अनेक भाषणांतून सांगत. पत्रकारांसमोर मात्र धवन गेले. अपयश त्यांनी संस्थेचे म्हणून स्वीकारले आणि सहकाऱ्यांवरचा विश्वास बोलून दाखवला. १८ जुलै १९८० रोजी त्याच मालिकेतील उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा पत्रकारांना सामोरे जाण्यास धवनांनी कलामांना सांगितले.

ही कथा मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र तिच्या निवेदकाकडे जायला हवे. ही कथा लोकांपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने कनिष्ठाच्या तोंडून. तिच्यातले धवन स्वतःच्या मनःस्थितीविषयी काहीही बोलत नाहीत. ते केवळ घाव बसेल अशा जागी जाऊन उभे राहतात. आणि त्याचा परिणाम निवेदनातच दिसतो : ज्याला वाचवले गेले, तोच पुढे उघडपणे म्हणू शकतो की निर्णय माझा होता. वारंवार सांगितलेली आठवण घोटीव होत जाते, हे मान्य. तरीही एका कबुलीने दुसऱ्या कबुलीला जागा करून दिली, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

याउलट आजचा वरिष्ठ आपल्या दुर्बलतेचा निवेदक स्वतःच होतो. व्यासपीठावरून तो आपले जुने अपयश सांगतो, पण ते यश पदरी पडल्यानंतर. पडलो, सावरलो, जिंकलो हा आत्मचरित्राचा साचा आपल्याला वर्गात शिकवून पाठ झाला आहे. त्यातली जखम केव्हाच भरलेली असते. शिवाय समोर बसलेल्यांची बढती आणि वेतनवाढ त्याच्याच हाती असल्यामुळे त्यांना टाळ्या वाजवण्यावाचून गत्यंतर नसते.

उद्योगजगताकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे किती तरी प्राध्यापक आहेत. विभागप्रमुखांनी बैठकीत आपला थकवा आणि एकटेपणा मनापासून सांगितला, तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची काळजी असलेल्या या सहकाऱ्याला त्यांचे सांत्वन करावे लागते. त्याच्या ठरलेल्या कामात हे एक जास्तीचे काम. ‘ही अभ्यासपत्रिका मला अवघड जाते आहे’ असे वाक्य तो स्वतः मात्र उच्चारू शकत नाही. दुर्बलता दाखवण्याची मुभा हीदेखील कायम पदाबरोबर मिळणारी सवलत ठरते, याची दखल या उपदेशात आम्हांला क्वचितच आढळते.

मग प्रमुखांनी दगडासारखे बसावे काय? मुळीच नाही. त्या कोरड्या ‘साहेबी’ने आपल्या कार्यालयांचे पुरेसे नुकसान केले आहे. पण एखादे प्रमुख म्हणाले, ‘शैलीविज्ञानात माझे वाचन तोकडे आहे; हा घटक तुम्ही शिकवा, मी मागच्या बाकावर बसून ऐकतो’, तर त्या वाक्याची किंमत त्यांना प्रत्यक्ष मोजावी लागते. विद्यार्थ्यांसमोरचा आपला अधिकार ते थोडा सोडतात आणि तो दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. अभ्यासक्रम फसला, तर ‘आग्रह माझा होता’ हे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घेणेही याच जातीचे. येथे भावनेचे प्रदर्शन नाही, अश्रूही नाहीत.

अशा कबुलीची पारख बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरून करू नये, असे आम्हांला वाटते. तो आपल्याला मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी कनिष्ठ सहकारी काय बोलू शकतो, हे पाहावे. ‘मला हे येत नाही’ असे तोही निर्धास्तपणे म्हणू लागला, तर वरिष्ठाचे बोलणे कारणी लागले. आणि कधी काळी त्या प्रसंगाची कथा सांगायची झालीच, तर ती त्यालाच सांगू द्यावी.