मुक्त, पण फुकट नव्हे

इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दावर दोन अर्थांचा भार पडला आहे. आपल्या मराठीने मात्र ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन शब्द वेगळे राखले आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींचा उपक्रम घोषित केला, आणि हा भेद त्यांना इंग्रजी जगास पुनःपुन्हा समजावून सांगावा लागला. आम्हांस तो शाळेतील एका यंत्राने शिकविला.

हे यंत्र म्हणजे टेबलावर मावणारा, लाकडावर कोरीव काम करणारा छोटा सीएनसी रूटर. संगणकाच्या हुकुमाप्रमाणे तीन दिशांच्या मोटरी फिरतात आणि कटर आकार कोरीत जातो. यंत्राबरोबर आलेली आज्ञावली विकतची होती आणि तिची किल्ली एकाच संगणकाशी जखडलेली होती. तो संगणक बिघडला. विक्रेत्याने नव्या किल्लीचे नवे पैसे मागितले. यंत्र धडधाकट, मुले उत्सुक, तरी दीड वर्ष त्यावर चादर पडून राहिली. ज्या तुकडीसाठी ते घेतले, ती तोवर दहावी होऊन निघूनही गेली. पैशांपेक्षा आम्हांस ही हानी मोठी वाटते. तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

भेलच्या कारखान्यात उभी हयात घालविलेले पिपलानीचे आमचे एक स्नेही ते पाहून म्हणाले, “अहो सर, यंत्राची भाषा काही त्या दुकानदाराच्या मालकीची नाही!” आणि ते खरेच आहे. अंकांनी चालणारे यंत्र अमेरिकेतील एमआयटीत १९५२ मध्ये दाखविले गेले. पुढे रूढ झालेली जी-कोड ही भाषा आज लहानमोठ्या असंख्य यंत्रांना कळते. ‘जी १ एक्स ४० एफ ३००’ म्हणजे सरळ रेषेत, मिनिटास ३०० मिलिमीटर वेगाने, एक्स अक्षावरील ४० या स्थानी जा. संस्कृत सूत्रकारांनाही हा संक्षेप आवडला असता.

आमच्यापुढे दोन मुक्त मार्ग होते. ‘लिनक्ससीएनसी’चे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामात आहे. ती समर्थ खरी, परंतु संगणकाने मोटरींना ठोके देताना क्षणाचाही विलंब होऊ नये, म्हणून तिला लिनक्सची खास मांडणी लागते. दुसरी ‘जीआरबीएल’, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. ती आर्डुइनो उनो या छोट्या पट्टीवरील अवघ्या ३२ किलोबाइटांच्या स्मृतीत मावते. ठोक्यांचे काम ही पट्टी पाहते. संगणकाने फक्त ओळीमागून ओळ पाठवावी. जुना संगणकही त्यास पुरतो, म्हणून आम्ही हीच निवडली.

फुकट मात्र काही झाले नाही. पट्टी व मोटरचालक कार्डे विकत घ्यावी लागली, तीन रविवार गेले, आणि मदतीची पाने बहुतेक इंग्रजीत. मुलांनी शंभर मिलिमीटरचा हुकूम दिला तर यंत्र साडेबासष्टच सरकले! आमच्या विज्ञानशिक्षिकेने उत्तर न सांगता फळ्यावर हिशेब मांडावयास लावला. मोटरीचा एक फेरा ३२०० सूक्ष्म पावलांचा, स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटरला ४०० पावले हवीत. आज्ञावलीत मुळात २५० लिहिलेली असतात. नववीच्या एका मुलीने तो आकडा स्वतः बदलला. त्रैराशिकाचा एवढा आनंद आम्ही वर्गात क्वचितच पाहिला आहे. विकतच्या आज्ञावलीने हे सारे पडद्याआड केले असते, असे आम्हांस वाटते.

देवनागरीने वेगळीच परीक्षा पाहिली. टंकातील अक्षर कोरावयास दिले की कटर अक्षराच्या कडेकडेने फिरतो आणि शिरोरेखा दुहेरी उमटते. शेवटी मुलांनी इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत अक्षरे एकेरी रेघेने गिरवून घेतली. पाट्यांवर आता त्यांचेच वळण दिसते.

या वाटेवर आपली माणसे पूर्वीच चालून गेली आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापिला. हातांनी काम करीत शिकावे, हा त्यांचा आग्रह. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तेथे उभी राहिली. उन्हाळ्यात पुण्याकडे जाणाऱ्या भोपाळकरांनी वाट वाकडी करून ती मुलांना अवश्य दाखवावी.

एक सूचना. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी वीज तोडणारा लाल खटका हाताशी ठेवावा. पडद्यावरील ‘थांब’ या बटणावर विसंबू नये. आणि चष्मा लावल्याविना मुलांना जवळ येऊ देऊ नये.

साठावहीचे कोडे तेवढे सुटावयाचे आहे. ‘किंमत’ या रकान्यात आज्ञावलीपुढे शून्य लिहिले, तर तपासणीस आलेल्या गृहस्थांनी शून्याचे बिल मागितले. परवान्याची छापील प्रत आम्ही फायलीस लावली आहे. आक्षेप अद्याप प्रलंबित आहे. यंत्र चालू आहे.