बंकरचा धडा आधी घ्या

नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांचा सराव पाहिला की एक गोष्ट हमखास नजरेत भरते. ड्रायव्हिंग रेंजवर बादल्याच्या बादल्या चेंडू मारले जातात, पुटिंग ग्रीनवर गर्दी असते आणि सरावासाठी मुद्दाम केलेला बंकर मात्र ओस पडलेला असतो. मग सामन्यात चेंडू वाळूत गेला की चेहरा उतरतो. माझं मत स्पष्ट आहे: बंकरचा धडा पहिल्या महिन्यातच द्यायला हवा. त्याला अंगात फार ताकद लागत नाही, उपजत कौशल्यही नाही. हातातला क्लब कसा चालतो हे कळलं की सामान्य खेळाडूलाही तो फटका जमतो.

वाळूतून खेळायच्या सँड वेज या क्लबला आजचं रूप दिलं ते अमेरिकेच्या जीन साराझेन यांनी. त्याआधी बहुतेक जण पातळ धारेच्या निब्लिक या क्लबने वाळूतून खेळत आणि तो खोल रुतत असे. साराझेन यांनी क्लबच्या तळाला धातू डाखून तो जाड केला आणि मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. हा क्लब घेऊन त्यांनी १९३२ साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकलं. तळाच्या या फुगवट्याला ‘बाऊन्स’ म्हणतात. त्याच्यामुळे क्लब वाळूत न रुतता सरकत पुढे निघतो.

म्हणूनच ग्रीनलगतच्या बंकरमधून खेळताना क्लब चेंडूला लागूच द्यायचा नाही. आधी क्लबचं तोंड उघडायचं आणि मगच ग्रिप घ्यायची. हा क्रम उलटला तर ऐन फटक्याच्या वेळी तोंड पुन्हा मिटतं. पाय वाळूत घट्ट रोवायचे, चेंडू पुढच्या पायाच्या बाजूला ठेवायचा आणि त्याच्या साधारण पाच सेंटिमीटर मागे वाळूवर क्लब उतरवायचा. उडणारी वाळूच चेंडूला बाहेर काढते. घात होतो तो भीतीमुळे. ऐन वेळी हात आखडतो, स्विंग अर्धवट राहतो आणि चेंडू जागचा हलत नाही. चेंडू उचलायला गेलं तर क्लब थेट त्याच्यावर बसतो आणि तो ग्रीनच्या पार पलीकडे जातो.

यावर उत्तम उपाय असा: सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर एक रेघ ओढा. चेंडू ठेवूच नका. क्लब बरोबर रेघेवर उतरतो का आणि स्विंग पूर्ण होतो का, एवढंच पाहा. वाळूत उमटणारा खळगा रेघेपासून सुरू होऊ लागला की रेघेच्या पाच सेंटिमीटर पुढे चेंडू ठेवा.

नियमही याच वेळी शिकायला हवेत. फटक्याआधी क्लब चेंडूच्या मागेपुढे वाळूला टेकवता येत नाही. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सन यांनी तो टेकवला. तो वाळूचा तुकडा बंकर आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दोन फटक्यांचा दंड बसला आणि प्लेऑफची संधी हुकली.

आणि वाळूपुढे हट्टही चालत नाही. १९९५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या ‘हेल बंकर’मधून बाहेर यायला खुद्द जॅक निकलस यांना चार फटके लागले. भिंत उंच असेल तर चेंडू बाजूला काढणं हाच शहाणपणा. २०१९ पासून तर दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू बंकरबाहेर ड्रॉप करण्याची मुभाही आहे.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की नव्या विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच वाळूत उभं करा. आणि खेळाडूंनो, पुढच्या सरावातला अर्धा तास रेंजऐवजी बंकरला द्या. निघताना रेक फिरवून वाळू सारखी करायला विसरू नका. तुमच्यामागून येणाऱ्यालाही तिथूनच खेळायचं आहे.